रेडिएटरच्या जादा पंख्याला रिले हवा की नको?

उन्हाळ्यात पुण्याहून साताऱ्याकडे येताना भरलेली गाडी खंबाटकी घाट चढते, किंवा वाईहून पसरणी घाटाने पाचगणीकडे निघते, तेव्हा जुन्या इंजिनाचा तापमानाचा काटा वर सरकू लागतो आणि रेडिएटरला जादा इलेक्ट्रिक पंखा जोडण्याचा विचार मनात येतो. पंखा बसवणे सोपे असते. त्याला वीज कोणत्या वाटेने द्यायची, हे ठरवताना मात्र घोटाळा होतो. रिले म्हणजे आतल्या कॉइलला छोटा करंट दिला की मोठा करंट चालू करणारा स्विच. त्यामुळे विजेचा भार कमी होतो, असा अनेकांचा समज आहे, आणि तो चुकीचा आहे. मोठ्या करंटची वाट आखूड करणे आणि नाजूक स्विचला त्या वाटेतून बाजूला ठेवणे, एवढेच रिलेचे काम असते. हे ध्यानात ठेवले की निर्णय बराच सोपा होतो.

आधी करंट किती लागणार ते काढावे. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. ५५ वॅटचा हॅलोजन दिवा १२ व्होल्टवर सुमारे साडेचार अँपिअर घेतो, तर रेडिएटरचा पंखा बहुधा १० ते २० अँपिअर घेतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या काही पट ओढतो. पंख्यावर आकडा छापलेला नसेल तर क्लॅम्प मीटरने (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणाऱ्या मीटरने) मोजावा, पण तो डीसी मोजणारा असल्याची खात्री करावी, कारण साधे स्वस्त मीटर फक्त एसी मोजतात.

त्यानंतर स्विच पाहावा. त्यावर लिहिलेले अँपिअर पुष्कळदा २५० व्होल्ट एसीसाठी असतात. एसी करंट दर सेकंदाला अनेक वेळा शून्यावर येत असल्याने स्विच उघडताना होणारी ठिणगी लवकर विझते. डीसीमध्ये ती सवलत नसते, आणि मोटार बंद करताना तर ठिणगी अधिकच मोठी होते. माझ्या जुन्या डिझेल गाडीत मी पंखा डॅशबोर्डवरच्या स्विचमधून थेट चालवला होता; दोन महिन्यांत स्विचचे प्लास्टिक मऊ पडले, आणि दोष सर्वस्वी माझाच होता.

तिसरी बाब वायरच्या लांबीची. १ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर डॅशबोर्डपर्यंत नेऊन परत आणली, तर ५ मीटरमध्ये १५ अँपिअरला जवळजवळ सव्वा व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि पंखा मंद फिरतो. रिले बॅटरीजवळ बसवून २.५ चौरस मिलिमीटरची दीड मीटर वायर वापरली, तर हीच घट पाव व्होल्टच्या आत राहते. डॅशबोर्डपर्यंत मग फक्त रिलेच्या कॉइलची बारीक वायर जाते, कारण कॉइलला पाव अँपिअरही लागत नाही.

ऑइल प्रेशरचा मीटर, एलईडी किंवा अशाच एखाद्या छोट्या उपकरणाला रिले लावू नये. तिथे तो बिघाडाची एक जागा वाढवतो, बाकी काही नाही. ईसीयूने, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाने, पंखा किंवा फ्युएल पंप चालवायचा असेल तर मात्र रिले टाळू नये, कारण ईसीयूच्या पिनला इतका करंट सोसत नाही. तिथे कॉइलवर डायोड किंवा रेझिस्टर असलेला रिले घ्यावा, म्हणजे कॉइल बंद होताना उठणारा उच्च व्होल्टेजचा झटका ईसीयूपर्यंत पोहोचत नाही. ज्या सोलेनॉइडला (विजेच्या चुंबकाने हलणाऱ्या झडपेसारख्या भागाला) सेकंदाला अनेक वेळा चालू-बंद व्हायचे असते, त्याच्यासाठी साधा रिले निरुपयोगी ठरतो.

जोडणी करताना बॅटरीची वायर फ्यूजमधून रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला द्यावी आणि ८७ वरून पंख्याला न्यावी; ८६ ला इग्निशनचा पुरवठा द्यावा आणि ८५ स्विचमार्गे अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूच्या बॉडीला, जोडावे. रिलेत डायोड असेल तर ८५ आणि ८६ ची अदलाबदल चालत नाही. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा आणि वायरच्या क्षमतेपेक्षा मोठा नको. रिले असला तरी फ्यूज लागतोच.

महाबळेश्वर-कोयनेकडच्या पावसात गाडी फिरत असेल तर रिलेची टोके खाली तोंड करून बसवावीत, म्हणजे होल्डरमध्ये पाणी साचत नाही. शेवटी पंखा दहा मिनिटे चालवून होल्डरला हात लावून पाहावा आणि बॅटरीचे धन टोक व पंख्याचे धन टोक यांच्यातला फरक मोजावा. तो अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त भरला, तर रिले बदलण्याआधी वायरच्या टोकांना दाबून बसवलेले थिंबल (धातूची टोपणे) एकेक करून तपासावेत.