टर्मिनलमधला पहिला तास: कुठे आहात, कोण आहात, फाइल कोणाची

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या काळ्या खिडकीत, नवख्या माणसाचं जे बिनसतं, ते बहुतेक तीन प्रश्नांपाशी येऊन थांबतं. आपण कोणत्या फोल्डरात उभे आहोत, कोण म्हणून उभे आहोत आणि समोरची फाइल कोणाची? हे कळत असेल तर शंभर कमांड पाठ करायची गरज नाही.

इथे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना कमांडची अक्षरं आणि आकडे रोमन घ्या, अक्षरं लहान लिपीतली. लिनक्सला लहान-मोठ्या लिपीतला फरक कळतो आणि तो माफ करत नाही.

विंडोज ११ असेल तर लिनक्ससाठी वेगळं मशीन नको. पॉवरशेल (विंडोजची कमांड-खिडकी) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, 'डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल' लिहा आणि मशीन रीस्टार्ट करा. उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) येतं आणि युजरनेम-पासवर्ड मागतं. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर टिंबसुद्धा उमटत नाही. कीबोर्ड बिघडलेला नाही, तसंच आहे ते. टाइप करा आणि एंटर दाबा.

आता प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड लिहायच्या जागेआधी दिसणारा मजकूर, वाचा. शेवटी $ असेल तर तुम्ही साधे युजर, # असेल तर रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, कुणी अडवणार नाही. त्याआधीचं ~ म्हणजे तुमचं होम फोल्डर. 'पीडब्ल्यूडी' पूर्ण पत्ता सांगतं, 'एलएस' तिथलं सामान दाखवतं. 'सीडी ..' एक पायरी वर नेतं, नुसतं 'सीडी' घरी आणतं आणि 'सीडी -' आधी होतात तिथे परत नेतं. 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' आलं की आधी 'पीडब्ल्यूडी' करा; बहुतेक वेळा फाइल जागेवर असते, आपणच दुसरीकडे असतो. नावं हातानं पूर्ण लिहू नका. दोन-तीन अक्षरं आणि टॅब. टॅबनं काहीच भरलं नाही तर पुन्हा टॅब दाबा, सारख्या नावांची यादी येते; तरीही काही नाही, तर त्या नावाचं तिथे काही नाहीच.

'एमकेडीआयआर सराव' करून 'सराव' फोल्डर बनवा आणि 'सीडी सराव' करून आत जा. हे नाव देवनागरीत दिलं तरी चालतं, फक्त काही टर्मिनलांत जोडाक्षरं फुटलेली दिसतात. युटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. 'एको' (echo) पुढे लिहिलेलं परत छापतं, | ते पुढच्या कमांडकडे देतं आणि 'डब्ल्यूसी -सी' बाइट मोजतं. 'एको नमस्कार | डब्ल्यूसी -सी' करून पाहा: उत्तर २२. सात चिन्हांचे २१ आणि ओळ संपल्याचा एक. फाइलच्या नावाला एक्स्ट४ वर (लिनक्समधली डिस्कवर फाइली ठेवायची नेहमीची पद्धत) २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे मराठीत ८५ चिन्हं, काना-मात्रा आणि हलन्त धरून.

याच फोल्डरात पुसणं शिका, कारण पुसणाऱ्या 'आरएम' ला रिसायकल बिन नाही. समजा 'जुने' नं सुरू होणाऱ्या फाइली काढायच्या आहेत. 'आरएम जुने*' बरोबर, * म्हणजे पुढे काहीही. मध्ये चुकून एक जागा पडली आणि 'आरएम जुने *' झालं, तर टिंबानं सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली सोडून फोल्डरातल्या सगळ्या फाइली जातात. कारण * चा विस्तार 'आरएम' करत नाही, शेल (तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) करतो, आणि तयार यादी त्याच्या हातात देतो. म्हणून आधी 'एको जुने*' लिहा, यादी डोळ्यांनी पाहा, मगच 'एको' च्या जागी 'आरएम'.

कमांडचा निकाल पडद्याऐवजी फाइलमध्ये लिहिणारा, तसाच फसवा > आहे. 'सॉर्ट नावे > नावे' केलं की नावं क्रमानं लागत नाहीत, फाइल रिकामी होते. 'सॉर्ट' सुरू होण्याआधीच शेल ती फाइल लिहायला उघडून कोरी करतो. निकाल दुसऱ्या नावात घ्या. शेवटी भर घालायची तर >>.

आता 'परमिशन डिनाइड'. 'एलएस -एल' केलं की प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दहा चिन्हं दिसतात. पहिलं प्रकार सांगतं (डी म्हणजे फोल्डर), मग तीन-तीनचे गट: मालक, ग्रुप, बाकीचे. वाचणं ४, लिहिणं २, चालवणं १, बेरीज करा. परवानगी बदलते 'सीएचमॉड' (chmod): 'सीएचमॉड ६४० हिशेब' म्हणजे 'हिशेब' फाइलच्या मालकाला वाचणं-लिहिणं, ग्रुपला फक्त वाचणं, इतरांना काही नाही. फोल्डरच्या बाबतीत १ चा अर्थ 'आत शिरणं' असा होतो. अनेकांना चकवणारी गोष्ट: फाइल पुसता येईल की नाही हे फाइलची नव्हे, तिच्या फोल्डरची परवानगी ठरवते.

काही चालेना की ७७७ देऊन मोकळं व्हायचा सल्ला सर्रास मिळतो. देऊ नका, त्या मशीनवरच्या कुणालाही तुमची फाइल बदलता येते. सगळ्याच कमांडपुढे रूटचे अधिकार देणारं 'सुडो' (sudo) लावणंही तसलंच. 'सुडो' नं घरात बनवलेली फाइल रूटच्या मालकीची होते आणि दुसऱ्या दिवशी तुम्हालाच अडवते. मग 'सुडो सीएचओन' (chown) नं मालकी परत घ्यावी लागते. 'सुडो' राखून ठेवा 'सुडो एपीटी अपडेट' (एपीटी म्हणजे प्रोग्रॅम बसवणारी कमांड) सारख्या, अख्ख्या सिस्टमला हात लावणाऱ्या कामांना.

कमांड अडकली तर कंट्रोल-सी (कॉपीसाठी कंट्रोल-शिफ्ट-सी). पडदा गोठला तर बहुधा कंट्रोल-एस दाबलं गेलंय, कंट्रोल-क्यू. 'मॅन' पानातून (कमांडच्या माहितीपुस्तिकेतून) बाहेर पडायला क्यू. नॅनोत (टर्मिनलमधल्या साध्या एडिटरात) सेव्ह करायला कंट्रोल-ओ, एंटर, मग बाहेर पडायला कंट्रोल-एक्स.

नॅनोत लिहिलेली स्क्रिप्ट (कमांडची फाइल) लगेच चालत नाही, कारण नव्या फाइलला चालवण्याची परवानगी नसते. 'सीएचमॉड यू+एक्स' पुढे फाइलचं नाव द्या आणि चालवताना नावाआधी ./ लावा, चालू फोल्डर शेलच्या शोधयादीत नसतं, म्हणून नुसत्या नावाला 'कमांड नॉट फाउंड' येतं. विंडोजच्या नोटपॅडमधून आणलेली स्क्रिप्ट 'बॅड इंटरप्रिटर' आणि ^एम दाखवत असेल, तर प्रत्येक ओळीच्या शेवटी विंडोजचं एक जादा अदृश्य चिन्ह आलेलं आहे. 'सुडो एपीटी इन्स्टॉल डॉस२युनिक्स' करा, मग 'डॉस२युनिक्स' पुढे फाइलचं नाव.