कूलिंग टॉवरच्या पाण्यातील क्षार विजेने काढताना

कूलिंग टॉवरच्या फिरत्या पाण्यातील क्षार वीज सोडून काढणारा विद्युत-रासायनिक संच निवडताना सुरुवात पाण्याच्या तपासणीपासून करावी. कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी, क्लोराइड आणि सिलिका हे आकडे हाती असावेत. त्यांत अल्कलिनिटीकडे, म्हणजे आम्ल शमवण्याच्या पाण्याच्या क्षमतेकडे (ती मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येते), विशेष लक्ष द्यावे. कारण ऋणाग्राजवळ (संचातील ऋण ध्रुवाच्या पट्टीजवळ) पाण्याचे विघटन होऊन हायड्रॉक्साइड तयार होतो व सामू (pH) वाढतो, बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते आणि कॅल्शियम कार्बोनेटचा थर ऋणाग्रावर बसतो. बायकार्बोनेटच अपुरे असेल, तर वीज कितीही सोडली तरी उरलेले बहुतेक कॅल्शियम पाण्यातच राहते.

यानंतर क्षारांचा भार मोजावा. समजा, बाष्पीभवनाने व इतर वाटांनी गेलेल्या पाण्याच्या जागी टॉवरला तासाला २ घनमीटर भरपाईचे पाणी लागते आणि त्यात कॅल्शियमचे काठिण्य, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने, लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे; म्हणजे दिवसाला १४.४ किलो क्षार आत येतात. फिरत्या पाण्यातील काठिण्य ६०० मिलिग्रॅमवर रोखून रोज १२ घनमीटर ब्लोडाऊन केले (म्हणजे क्षार साचलेले तेवढे पाणी बाहेर सोडले), तर त्यातून ७.२ किलो बाहेर जातात आणि उरलेले ७.२ किलो संचाला काढावे लागतात. सोडलेल्या विजेच्या प्रमाणात पदार्थ तयार होतो, या फॅरडेच्या नियमानुसार एका अँपिअर-तासात जास्तीत जास्त ३.७ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट निघू शकते, त्यामुळे चोवीस तास चालणाऱ्या संचाला किमान ८० अँपिअर लागतात. प्रत्यक्षात बराचसा हायड्रॉक्साइड प्रवाहाबरोबर निसटून धनाग्राकडील (धन ध्रुवाकडील) आम्लात वाया जातो; चाचणीत कार्यक्षमता २५ टक्के आढळली, तर गरज ३२० अँपिअरवर जाते. हा हिशेब जो विक्रेता कागदावर मांडून देत नाही, त्याच्याकडून संच घेऊ नये.

दर चौरस मीटरला ५० अँपिअर धरल्यास ऋणाग्राचे क्षेत्रफळ ६.४ चौरस मीटर येते. खर्च वाचवण्यासाठी ते कमी करून प्रवाह वाढवला, तर निघणारे क्षार त्या प्रमाणात वाढत नाहीत; वाढते ते प्रामुख्याने विजेचे बिल आणि हायड्रोजन. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की तो पेट घेऊ शकतो, म्हणून संचाची वायुनलिका छताखाली न सोडता उघड्यावर न्यावी.

संच मुख्य वाहिनीवर न बसवता, टॉवरखालच्या कुंडातून पाणी घेऊन कुंडातच सोडणाऱ्या बगल वाहिनीवर बसवावा. ऋणाग्र स्टेनलेस स्टीलचे आणि धनाग्र रुथेनियम-इरिडियम ऑक्साइडचा लेप दिलेल्या टायटॅनियमचे घ्यावे. थर काढण्यासाठी ध्रुव उलटे करू नयेत, कारण त्याने लेप आणि स्टील दोन्ही झिजतात. यांत्रिक खरवडणीच बरी. बॉयलरच्या पाण्याला मात्र हा संच पुरा पडत नाही, तेथे रेझिनचा सॉफ्टनर (कॅल्शियम-मॅग्नेशियम शोषून त्यांच्या जागी सोडियम सोडणारे यंत्र) हवाच.

खरवडलेला क्षार वाळवून दर आठवड्याला वजन करावे आणि ते ५० किलोच्या आसपास येते का, हे पाहावे.