साइटवरून सॉफ्टवेअरमध्ये येताय? आधी दोन रकाने आखा

नऊ वर्षं मी पुण्यात इमारतींच्या साइटवर होते, आता सॉफ्टवेअरची टीम सांभाळते. तुम्हीही या वाटेने येणार असाल, तर बार चार्ट, म्हणजे कामांचं वेळापत्रक, नंतर काढा. आधी वहीत दोन रकाने आखा: मागाहून बदलता येईल ते आणि येणार नाही ते.

स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी मी सेंट्रिंगवर, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्यावर, चढायचे. सळया मोजायच्या, सळयांखालचे कव्हर ब्लॉक (अंतर राखणारे ठोकळे) सरकलेत का बघायचं, पाइपांच्या स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी आधीच ठेवलेल्या नळ्या) ड्रॉइंगशी ताडायच्या. एकदा बाथरूमची एक स्लीव्ह माझ्या नजरेतून सुटली. मग कोअर कटिंगचं मशीन आणून भोक पाडलं आणि नेमकी तिथलीच सळई कापली गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. काँक्रीट पडलं की विषय संपला. ओपीसी (साधं पोर्टलँड) सिमेंट असलं तरी स्लॅबवर आळी करून किमान ७ दिवस पाणी ठेवायचं, क्यूबचा (ताकद तपासायच्या काँक्रीटच्या ठोकळ्याचा) पक्का निकाल २८ दिवसांनी. कितीही मजूर वाढवा, ते दिवस कमी होत नाहीत.

स्क्रीनवरचं बटण मात्र जेवणाच्या सुट्टीनंतर हलवता येतं. तेव्हा सगळं आधी ठरवून सह्या घेत बसू नका. दोन आठवड्यांत चालेल असं काहीतरी वापरणाऱ्याच्या हातात द्या, शेजारी बसा, त्याचं बोट कुठे थबकतं ते बघा.

पण स्लॅब इथेही असतात. डेटाबेसची रचना, जुन्या डेटाचं स्थलांतर, दुसऱ्यांनी जोडून घेतलेला एपीआय, म्हणजे त्यांचं सॉफ्टवेअर आपल्याशी बोलतं तो दुवा. मोबाइल नंबर हीच ग्राहकाची ओळख धरलीत आणि एका घरातले तिघं एकाच नंबरवर निघाले, की हजारो नोंदी उसवाव्या लागतात. अशा कामाआधी सेंट्रिंगवर चढल्यासारखं बारकाईनं बघा. डेटाची प्रत घेऊन रंगीत तालीम करा, माघारी कसं फिरायचं तेही लिहून ठेवा.

साइटवर झालेलं काम मोजमाप पुस्तकात घनमीटरमध्ये चढतं. इथे ‘९० टक्के झालं’ ऐकून घेऊ नका, ‘चालवून दाखव’ म्हणा.

प्लास्टर मागे पडलं तर वरच्या मजल्यावर दुसरी गँग लावता येते. कोडमध्ये नव्या माणसाला समजावण्यात जुन्याचेच तास जातात. उशीर दिसला की काम कापा, आणि काय कापायचं ते ग्राहकाला त्याच दिवशी फोन करून विचारा.