आईसाठी सुटी होणारी स्कूटर घेताना

चालणं जड जाणाऱ्यांसाठी बसून चालवायची, बॅटरीवरची मोबिलिटी स्कूटर असते, तिच्याबद्दल हे. जाहिरातीत ‘हलकी’ लिहिलेलं असतं, पण बॅटरीसकट की बॅटरी काढून, ते आधी विचारा. वीस-पंचवीस किलोचं धूड डिकीत कोण चढवणार? आमच्याकडे मीच, आणि माझी कंबर काही विशीतली नाही. म्हणून तुकड्यांत सुटणारी घेतली. तिथेही सर्वांत जड तुकडा स्वतः उचलून बघा.

तीनचाकी लिफ्टमध्ये पटकन वळते, चारचाकी जास्त स्थिर. पुण्याच्या फुटपाथांसाठी मी चार चाकांच्याच बाजूची. पोटाखालची उंचीही बघा, नाहीतर स्पीडब्रेकरवर घासत बसते.

आईला दुकानातच बसवून स्कूटर चालवायचा लिव्हर दाबायला लावा. सोडला की स्कूटर थांबते, पण संधिवाताच्या बोटांना तो दाबून धरवतो का? सीट फिरते का, हाताची पट्टी वर होते का, हे तिनंच करून बघायचं, सेल्समननं नव्हे.

विमानाने न्यायची असेल तर बॅटरीवरचे आकडे गुणा: २४ व्होल्ट गुणिले १० अँपिअर-अवर म्हणजे २४० वॉट-अवर, ही बॅटरीची क्षमता. काढता येणारी एकच लिथियम बॅटरी असेल, तर मर्यादा ३०० वॉट-अवर. ती काढून केबिनमध्ये न्यावी लागते, त्यामुळे तिकीट काढतानाच एअरलाइनला कळवून परवानगी घ्या.