अपडेटनंतर लॅपटॉप सुरू होईना? फॉरमॅट मारायची घाई नको

परभणी-हिंगोलीकडं ऐन अपडेट चालू असताना लाईट जाणं नवं नाही. बॅटरी उतरलेली असली की लॅपटॉप मधेच बंद पडतो आणि नंतर विंडोज उघडतच नाही. अशा वेळी दुकानदार लगेच फॉरमॅट सुचवतो. थांबा, तुमचे फोटो आणि पोरांचे प्रोजेक्ट बहुतेक वेळा शाबूत असतात.

स्क्रीनवर टक्के दिसत असतील तर तासभर हात लावू नका. स्क्रीन नुसती काळी असेल तर चार्जर, पेनड्राइव्ह, माऊस काढा, पॉवरचं बटण 30 सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून सुरू करा. कित्येकदा एवढ्यावरच भागतं.

नाहीच झालं तर कंपनीचं चिन्ह दिसताच बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीच्या पडद्यावर जातं. तिथं ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात अनइन्स्टॉल अपडेट्स. आधी क्वालिटी अपडेट, म्हणजे दर महिन्याला येणारं छोटं अपडेट, काढा. मोठं फीचर अपडेट साधारण 10 दिवसांतच मागं घेता येतं, म्हणून लॅपटॉप तसाच कोपऱ्यात ठेवू नका.

मधेच बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची, 48 अंकी की मागितली तर घाबरू नका. मोबाइलवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, बहुधा तिथं सापडते. ती आजच वहीत लिहून ठेवा. आणि ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ला चुकूनही हात लावू नका, त्यात सगळं पुसलं जातं.