परदेशी विद्यापीठाबरोबर सीड ग्रँट : या चुका टाळा

सीड ग्रँट, म्हणजे परदेशी विद्यापीठाबरोबर संयुक्त संशोधन सुरू करायला मिळणारी पहिली रक्कम, लहान असते. दोन-चार प्रवास, एखादी कार्यशाळा, एका विद्यार्थ्याचा तिकडचा मुक्काम, थोडी प्राथमिक मोजमापं, एवढंच तिच्यात बसतं. पुढचा मोठा प्रकल्प मात्र तिच्यावरच उभा राहतो. आपल्याकडचे प्राध्यापक, विशेषतः जिल्ह्याच्या ठिकाणच्या विद्यापीठांतले आणि संलग्न महाविद्यालयांतले, विज्ञानात कमी पडतात म्हणून ही संधी हुकते असं मला अजिबात वाटत नाही. ती हुकते कागदांच्या क्रमात. जी परवानगी प्रपोजल लिहितानाच मागायला हवी, ती मंजुरीपत्र हातात पडल्यावर मागितली जाते आणि पैसे खात्यावर असताना वर्ष सरतं.

बोलायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण धरू. सह्याद्रीच्या सड्यांवरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट खडकाळ पठारांवरच्या, मातीतले सूक्ष्मजीव हा विषय, आणि जोडीला जर्मनीतलं एखादं विद्यापीठ.

योजना कशाला पैसे देते हेच न वाचणं

सर्वांत जास्त प्रपोजल इथेच पडतात. केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, म्हणजे डीएसटी, आणि जर्मनीची डीएएडी ही शैक्षणिक देवाणघेवाण संस्था यांची संयुक्त योजना ही मुळात माणसांच्या देवाणघेवाणीची आहे. येणंजाणं आणि मुक्काम, एवढ्यासाठी ती पैसे देते. तिच्या बजेटमध्ये रसायनं, सिक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणं) आणि एक डीप फ्रीझर घातला की परीक्षकाला कळतं, अर्जदाराने सूचना वाचलेल्या नाहीत. त्याच योजनेत दुसरी अट आहे आणि ती अनेकांच्या लक्षात येत नाही: भारतीय पीआयने, म्हणजे प्रमुख संशोधकाने, डीएसटीकडे आणि जर्मन पीआयने डीएएडीकडे, असे दोन स्वतंत्र अर्ज जावे लागतात. एकाच बाजूचा अर्ज आला तर तो बाद. ‘तिकडचं ते बघतील’ म्हणून सोडू नका. त्यांच्या अर्जाची पोच मागून घ्या आणि दोन्ही अर्जांत प्रकल्पाचं शीर्षक शब्दशः एकच आहे ना, हे स्वतः तपासा.

बाकीच्या योजनांचे स्वभावही वेगवेगळे. एमआयटीच्या ग्लोबल सीड फंडसाठी अर्ज तिथल्या प्राध्यापकालाच करावा लागतो आणि भर प्रवास व भेटीगाठींवर असतो. इंडो-जर्मन सायन्स अँड टेक्नॉलॉजी सेंटरच्या ‘टू प्लस टू’ प्रकल्पात दोन्ही देशांतून एक शैक्षणिक संस्था आणि एक उद्योग लागतो, त्यामुळे कंपनी सोबत नसेल तर त्या वाटेला जाऊच नका. २०१८ मध्ये सुरू झालेली ‘स्पार्क’ ही केंद्राची संयुक्त संशोधनाची योजना, जिचं समन्वयन आयआयटी खरगपूरकडे आहे, दोन्ही बाजूंच्या संस्थांची गुणवत्ता क्रमवारीवरून आणि मूल्यांकनावरून पाहते. तिथे आधी स्वतःच्या संस्थेची आणि पार्टनरची पात्रता तपासायची, मग विषयावर बोलायचं. १९८७ पासून चालणारं इंडो-फ्रेंच केंद्र, सेफिप्रा, हे तर फ्रान्ससाठीच आहे. जर्मन पार्टनरसाठी लिहिलेलं प्रपोजल देशाचं नाव बदलून तिकडे पाठवणारे लोक आहेत, आणि ते लगेच ओळखू येतात.

बजेटमधला आणखी एक सापळा म्हणजे जेआरएफ, प्रकल्पावर मानधनाने घेतलेला कनिष्ठ संशोधक. जानेवारी २०२३ पासून जेआरएफचं मानधन महिना ३७,००० रुपये आहे. म्हणजे वर्षाला ४,४४,०००, घरभाडं वेगळं. योजना मनुष्यबळाला परवानगी देत असली तरी छोट्या अनुदानात हा एकच आकडा बाकी सगळं गिळतो. आधीपासून फेलोशिप असलेला पीएचडीचा विद्यार्थी प्रकल्पात घ्या आणि वाचलेले पैसे त्याच्या तिकडच्या मुक्कामावर घाला.

पार्टनरचं गुळमुळीत पत्र

‘आम्हाला या सहकार्यात रस आहे आणि आम्ही सर्वतोपरी मदत करू.’ असं पत्र शंभरातल्या नव्वद प्रपोजलना जोडलेलं असतं, आणि त्यातून परीक्षकाला काहीही कळत नाही. त्याऐवजी पार्टनरकडून असं लिहून घ्या: ‘तुमची एक विद्यार्थिनी सप्टेंबर आणि ऑक्टोबर असे दोन महिने आमच्या प्रयोगशाळेत राहील. तिला सिक्वेन्सिंगच्या डेटाचं विश्लेषण आमची पोस्टडॉक शिकवेल. सर्व्हरचा वापर आणि बसायची जागा आमच्याकडून, विनामूल्य. प्रवास व राहण्याचा खर्च तुमच्या अनुदानातून. मार्चमध्ये मी स्वतः दहा दिवस तुमच्याकडे येईन आणि पुढच्या संयुक्त प्रपोजलचा मसुदा आपण तेव्हा करू.’ कोण, कधी, कुठे, कोणाच्या खर्चाने, हे चारही त्यात आलं. असं पत्र द्यायला पार्टनर टाळाटाळ करत असेल तर ते वेळीच कळलेलं बरं.

एक गोष्ट मला मनापासून सांगाविशी वाटते. नमुने इथून गोळा करायचे, विश्लेषण तिकडे, पेपरचा पहिला आणि शेवटचा लेखक तिकडचा, आणि आपलं नाव मधे कुठेतरी, असं सहकार्य स्वीकारू नका. सड्यावर भर पावसात उभं राहून कुठली माती कुठल्या खळग्यातली हे ओळखणं, हेही संशोधनच आहे. लेखकांचा क्रम, डेटा कुणाकडे राहील, कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेले सूक्ष्मजीव) कुठे ठेवल्या जातील, हे सगळं एका पानावर लिहून दोन्ही पीआयनी सही करा. हे पहिल्याच महिन्यात करायचं. निकाल हाती आल्यावर हा विषय काढला की संबंध बिघडतात.

परदेशी पैसा कुणाच्या खात्यावर येणार, हे न ठरवणं

भारत सरकारच्या योजनेचा पैसा भारतीयच असतो, तिथे प्रश्न नाही. पण जर्मन विद्यापीठ स्वतःच्या सीड फंडातून तुमच्या महाविद्यालयाला रक्कम पाठवणार असेल तर विदेशी योगदान विनियमन कायदा, २०१०, म्हणजे एफसीआरए, मधे येतो. आपल्याकडे बहुतेक संलग्न महाविद्यालयांना स्वतःचं कायदेशीर अस्तित्व नसतं. नोंदणी असते ती शिक्षण संस्थेची. म्हणून प्राचार्यांना विचारून भागत नाही, संस्थेच्या कार्यालयात जाऊन तीन गोष्टी पाहाव्या लागतात: संस्थेची एफसीआरए नोंदणी आहे का, तिची पाच वर्षांची मुदत संपलेली नाही ना, आणि नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत ते ठरावीक खातं उघडलेलं आहे का. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी रक्कम आधी त्याच खात्यावर यावी लागते.

नोंदणी नसेल तर ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक कामासाठी गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी मागता येते. त्यासाठी पार्टनरचं रकमेसह वचनपत्र लागतं आणि वेळ जातो, म्हणून ते प्रपोजलच्या टप्प्यावरच सुरू करा. केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या आणि कॅगचं लेखापरीक्षण बंधनकारक असलेल्या संस्थांना या कायद्यातून सूट आहे. तुमचं विद्यापीठ या दोन्ही अटींत बसतं का, हे वित्त व लेखा अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. तोंडी ‘चालतं हो’ वर जाऊ नका.

२०२० च्या दुरुस्तीतली दुसरी तरतूद तर अनेकांना माहीतच नसते. आलेलं विदेशी योगदान पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे एका महाविद्यालयाने परदेशी रक्कम घ्यायची आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या सहभागी महाविद्यालयाला वाटा द्यायचा, हा बेतच बाद.

माझं मत विचाराल तर पहिल्या सहकार्यात सीमेपलीकडून पैसा आणूच नये. ज्याने त्याने आपल्या देशात आपला खर्च करायचा, अशी रचना करा. तुमच्या विद्यार्थिनीचा मुक्काम तिकडच्या विद्यापीठाने थेट उचलला तर संस्थेच्या खात्याचा प्रश्नच येत नाही. फक्त सरकारी किंवा सरकारी नियंत्रणातल्या संस्थेत नोकरीला असाल तर परदेशी आतिथ्यासाठीही पूर्वपरवानगीची तरतूद आहे. ती तुम्हाला लागू होते का, आस्थापना विभागात विचारून घ्या.

‘मातीच तर पाठवतोय’

जैविक विविधता कायदा, २००२ मध्ये सूक्ष्मजीव स्पष्टपणे आहेत. म्हणजे सड्यावरची मूठभर माती जर्मनीला पाठवली की तीही या कायद्यात येते. परदेशी व्यक्तीला किंवा संस्थेला आपले जैविक स्रोत मिळवायचे असतील तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमंजुरी लागते. संशोधनाचे निष्कर्ष परदेशी पक्षाकडे द्यायलाही मंजुरीची तरतूद आहे. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसणाऱ्या आणि केंद्राने मान्य केलेल्या संयुक्त प्रकल्पांना कलम ५ खाली सवलत मिळते. पण ही सवलत आपोआप लागू होत नाही. प्रकल्प मान्य झाल्याचा कागद हातात हवा.

पार्टनरलाही हा कागद हवाच असतो. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमानुसार, जनुकीय साहित्य मूळ देशाच्या कायद्याप्रमाणे मिळवलंय याची खातरजमा तिथल्या संशोधकाने करायची असते. आपण कागदाविना नमुना दिला तर अडचणीत तोही येतो.

जागेची परवानगी वेगळी. कास, कोयना, चांदोली, राधानगरी ही २०१२ पासून जागतिक वारसा यादीतली ठिकाणं आहेत. तिथे वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय माती उचलायची नाही. पार्टनर सोबत येणार असेल तर त्याचं नाव त्या अर्जात हवं आणि त्याच्याकडे संशोधनासाठीचा व्हिसा हवा. पर्यटक व्हिसावर येऊन नमुने गोळा करणं चालत नाही, आणि उद्या चौकशी झाली तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

विषय आरोग्याचा असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीखेरीज आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत चालणाऱ्या आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे जावं लागतं. तो वेळ वेळापत्रकात धरा.

पेटंट आधी तिकडे भरणं

सड्यावरच्या एखाद्या जिवाणूपासून उपयोगी विकर (एन्झाइम) मिळालं आणि पार्टनरच्या विद्यापीठाने उत्साहाने युरोपात पेटंट अर्ज टाकला, शोधकांत तुमचं नाव. भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३९ सांगतं की भारतात राहणाऱ्या व्यक्तीने परदेशात अर्ज करण्याआधी परवानगी घ्यायची, किंवा भारतात आधी अर्ज करून सहा आठवडे थांबायचं. ही परवानगी साधारण २१ दिवसांत मिळते, त्यामुळे ती न घेण्याला काही कारण नाही. न घेतल्यास शिक्षेची तरतूद आहे. शोध भारतीय जैविक स्रोतावर आधारलेला असेल तर जैवविविधता प्राधिकरणाकडेही जावं लागतं. हे पार्टनरच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालयाला एमओयूच्या, म्हणजे सामंजस्य कराराच्या, वेळीच कळवा.

दोन कॅलेंडरं एकमेकांवर न ठेवणं

सड्यांवरचं फुलांचं आणि ओल्या मातीचं काम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. जर्मनीत जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत व्याख्यानं नसतात, म्हणजे पार्टनर मोकळा. पण आपल्याकडे तेव्हा भर सत्र चालू असतं. ड्युटी लीव्ह आणि तासांची बदली व्यवस्था जूनमध्येच विभागप्रमुखांकडून मंजूर करून घ्या.

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या अल्प मुक्कामाच्या व्हिसासाठी, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मुक्काम ९० दिवसांच्या पुढे गेला की तो पुरत नाही, राष्ट्रीय व्हिसा लागतो. पहिल्या भेटीसाठी दोन-अडीच महिन्यांचा मुक्काम धरा, बरीच धावपळ वाचते. अनुदानाचा अर्ज पाठवायची शेवटची वेळही नीट बघा: जर्मनीतले संध्याकाळचे ५ म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे ९.३०, उन्हाळ्यात ८.३०.

अमेरिकन पार्टनर असेल तर आणखी एक काळजी. मे २०२५ मध्ये एनआयएचने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने, परदेशी संस्थांना उपअनुदान देण्याची जुनी पद्धत थांबवली. त्यामुळे ‘सीडनंतर एनआयएच’ असं पुढच्या वाटचालीत लिहिण्याआधी पार्टनरच्या ग्रँट कार्यालयाकडून सध्याची स्थिती विचारून घ्या.

हिशेब आणि अडकलेला प्रकल्प

सरकारी अनुदानावर बँकेत मिळालेलं व्याज आपलं नसतं, ते सरकारजमा करावं लागतं. एका हेडचे, म्हणजे खर्चाच्या शीर्षाचे, पैसे दुसऱ्या हेडमध्ये आधी विचारल्याशिवाय वळवू नका. बोर्डिंग पास जपून ठेवा. युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे यूसी (अनुदान कसं खर्च झालं याचा दाखला), वेळेत न गेल्याने दुसऱ्या वर्षाचा हप्ता थांबतो, आणि त्याचा फटका बसतो तो तिकीट काढून बसलेल्या विद्यार्थ्याला.

परवानगी अडकली आणि मुदत जवळ आली, तर मुदत संपायची वाट पाहू नका. दोन-तीन महिने आधीच वाढीव निधी न मागता मुदतवाढ मागा. पत्रात हेडनिहाय खर्च आणि शिल्लक, अडलेल्या परवानगीचा अर्ज क्रमांक व तारीख, नवं महिनावार वेळापत्रक आणि दोन्ही पीआयच्या सह्या द्या. पार्टनरला त्याच्या संस्थेकडे स्वतंत्र पत्र द्यायला सांगा. जर्मनीचं सरकारी आर्थिक वर्ष डिसेंबरला संपतं, आपलं मार्चला, त्यामुळे एका बाजूची मुदत वाढली म्हणजे दुसरीची वाढली असं होत नाही. तोवर ज्याला ही परवानगी लागत नाही ते काम पुढे काढा. आपल्याच प्रयोगशाळेत जिवाणू वेगळे करून त्यांच्या नोंदी पूर्ण करा, आणि विद्यार्थिनीला नमुन्यांशिवाय पाठवून पार्टनरकडे आधीच असलेल्या तिकडच्या मातीच्या डेटावर पद्धत शिकून येऊ द्या.