वाकडा स्कॅन सरळ करायचाय? शिरोरेषा धरा

माझं देवगड तालुक्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे, आणि गणपतीच्या दिवसांत माझ्याकडे जेवढे जुने कागद येतात तेवढे बाकी सगळ्या वर्षात मिळून येत नसतील. मुंबईहून चाकरमानी आलेले असतात, सगळे भाऊबंद एका घरात असतात, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते आणि मग कोणीतरी म्हणतं की चला, ह्या वर्षी कागद स्कॅन करूनच ठेवूया. खरेदीखत, वाटणीपत्र, फेरफार, हाताने लिहिलेले जुने सातबारे, घरपट्टीच्या पावत्या, एखाद्या घरात मोडीतलं बाड. ह्यातले निम्मे स्कॅन वाकडे येतात. मागच्या गणपतीत एक आजी माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "ह्यां असां वाकडां कशाक इलां रे?" त्यांना मी जे करून दाखवलं तेच इथे सविस्तर लिहितोय, म्हणजे घरी स्कॅनर असेल त्यांना स्वतःचं स्वतः करता येईल.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. सरळ करायचं म्हणजे कागद सरळ करायचा नाही, लिखाण सरळ करायचं. नव्वद टक्के लोक कागदाच्या कडेवर मापतात आणि तिथेच चुकतं, कारण जुन्या कागदाची कड कुठे फाटलेली असते, कुठे कसरीने खाल्लेली असते, कुठे कात्रीने हातानेच कापलेली असते. स्टॅम्प पेपर असेल तर अजून एक गंमत म्हणजे टाइपरायटरमध्ये तो कागदच तिरका घातलेला असतो, त्यामुळे छापील किनार एका रेषेत आणि टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच रेषेत. अशा वेळी किनारीचं ऐकू नका, मजकुराचं ऐका, कारण वाचायचा आहे तो मजकूर.

आणि आपल्याकडे मजकुराला पट्टी बसवूनच दिलेली आहे, ती म्हणजे शिरोरेषा. इंग्रजी कागद असला की अक्षरांच्या तळाच्या अंदाजाने माप घ्यावं लागतं, त्यात जी, पी, वाय ह्यांच्या शेपट्या खाली लोंबतात त्या सोडून बघावं लागतं. मराठीत तसं नाही, डोक्यावर रेघ आहे, ती धरली की झालं. मोडीत तर अजूनच सोपं, कारण मोडी लिहिणारा आधी पानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग रेघ ओढून घ्यायचा आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहित जायचा. म्हणजे पानभर रुंद रेघ आयती मिळते. फक्त ती हाताने ओढलेली असते म्हणून प्रत्येक ओळीचा कल थोडा थोडा वेगळा असतो, वरची ओळ एक सांगेल आणि खालची दुसरं. अशा वेळी पानाच्या मधली एखादी लांब ओळ घ्यायची, वर खाली एकेक मापून बघायची आणि मधला आकडा धरायचा.

आता सॉफ्टवेअर. मी गिम्प वापरतो, फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. त्यात २.१० पासून मेझर टूलमध्येच, म्हणजे कोन मापायच्या टूलमध्ये, स्ट्रेटन नावाचं बटण आहे, बऱ्याच लोकांना ते माहीतच नसतं आणि ते बिचारे रोटेटचा आकडा अंदाजाने टाकत बसतात, अर्धा डिग्री इकडे, पाव डिग्री तिकडे.

करायचं असं. स्कॅन गिम्पमध्ये उघडा. पीडीएफ असेल तर उघडताना तो रिझोल्यूशन विचारतो, तिथे किती लिहिलंय ते बघून घ्या आणि ३०० करा, कमी असेल तर पुढचं सगळं अंधुक येणार. मग शिफ्ट धरून एम दाबा, मेझर टूल येईल. पान मोठं करून म्हणजे झूम करून बघा, एक लांब ओळ निवडा, त्या ओळीच्या डाव्या टोकाला शिरोरेषेवर बरोबर क्लिक करा आणि माऊस न सोडता उजव्या टोकापर्यंत त्याच शिरोरेषेवर ओढत न्या. खाली पट्टीवर कोन दिसेल. टोकं नीट बसली नसतील तर ती पकडून हलवता येतात, घाई करू नका, सगळी मेहनत इथेच आहे. जितकी लांब ओळ तितका कोन अचूक, दोन शब्दांवर मापलंत तर एका पिक्सेलची चूक पण मोठी होते. मग टूलच्या ऑप्शनमध्ये ओरिएंटेशन हॉरिझॉन्टल ठेवा, क्लिपिंग अॅडजस्ट ठेवा आणि स्ट्रेटन दाबा. झालं.

क्लिपिंग अॅडजस्टच का, तर पान फिरलं की त्याचे कोपरे मूळ चौकटीच्या बाहेर जातात आणि क्लिप निवडलंत तर बाहेर गेलेलं कापलं जातं. अॅडजस्टमध्ये काही कापलं जात नाही, मग इमेज मेनूत जाऊन फिट कॅनव्हास टू लेयर्स केलं की पूर्ण पान परत दिसायला लागतं. कोपऱ्यात तिरक्या रिकाम्या जागा राहतात, त्यासाठी कीबोर्डवर डी दाबा म्हणजे मागचा रंग पांढरा होतो आणि इमेज मेनूतलं फ्लॅटन इमेज करा, कोपरे पांढरे भरून जातील.

हे कोपऱ्यांचं मी इतकं लावून धरतोय त्याला कारण आहे. दुकान सुरू केलं त्या पहिल्या वर्षी मी एका कलमांच्या बागेचं खरेदीखत सरळ केलं आणि दिसायला छान दिसावं म्हणून चारी बाजूंनी घट्ट क्रॉप केलं. वरच्या उजव्या कोपऱ्यात पेनाने बारीक दस्त नंबर लिहिलेला होता तो त्यात गेला. मूळ स्कॅन मी ठेवलेला नव्हता, कागद घेऊन माणसं मुंबईला परत गेलेली, आणि जिथे ती प्रत द्यायची होती तिथे नंबराशिवाय ती घेतली नाही. त्या काकांना एवढ्यासाठी परत गावी यावं लागलं. तेव्हापासून माझा नियम आहे, क्रॉप करताना कागदाच्या बाहेर बोटभर जागा ठेवायची, फाटलेली कड सुद्धा दिसली पाहिजे, आणि मूळ स्कॅन कधीच पुसायचा नाही. फाइलचं नाव मी "मूळ" आणि "सरळ" असं शेवटी लावून ठेवतो, दोन्ही फाइली पेनड्राइव्हवर देतो.

काहींना मेझरपेक्षा रोटेट टूल बरं वाटतं, शिफ्ट आणि आर. ते वापरायचं तर ऑप्शनमध्ये डायरेक्शन करेक्टिव्ह करा. मग पान न फिरता त्याच्यावरची जाळी फिरते, ती जाळी तुम्ही ओळींना समांतर बसवायची आणि रोटेट दाबायचं, पान आपोआप उलट फिरून सरळ होतं. सातबाऱ्यासारखा रकान्यांचा कागद असेल तर मला हीच पद्धत आवडते, कारण रकान्यांच्या उभ्या आडव्या रेघा जाळीला लगेच जुळतात. फोटोशॉप असेल तर रूलर टूलने रेघ ओढून वरचं स्ट्रेटन लेयर दाबलं की तेच काम होतं.

किती वाकडं म्हणजे वाकडं? ए-फोर पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं. त्यात १ डिग्री कल असेल तर ओळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ ४३ पिक्सेलचा फरक पडतो, कागदावर म्हणाल तर साडेतीन मिलिमीटरच्या वर, ते डोळ्याला खुपतंच. पण ०.२ डिग्रीच्या आत असेल तर मी हात लावत नाही. कारण फिरवण्याची किंमत असते. ९० किंवा १८० डिग्री फिरवलं तर पिक्सेल फक्त जागा बदलतात, पण १.८ डिग्री फिरवायचं म्हटलं की प्रत्येक पिक्सेलचा रंग शेजारच्यांवरून नव्याने काढावा लागतो आणि अक्षराची धार थोडी मऊ होते. एकदा फिरवलं तर ३०० डीपीआयला कळत पण नाही. पण आधी १ फिरवलं, मग वाटलं अजून अर्धा, मग वाटलं जास्त झालं म्हणून परत उलटं, असं चार वेळा केलंत तर काना, मात्रा, अनुस्वार सगळे धुरकट होतात. म्हणून जमलं नाही तर कंट्रोल झेड करून मूळ स्थितीला जायचं आणि तिथून नव्याने, आणि मधल्या मधल्या सेव्ह जेपीजीत करायच्या नाहीत, जेपीजी प्रत्येक सेव्हला थोडं थोडं खात असतं. काम चालू आहे तोवर गिम्पची स्वतःची फाइल नाहीतर पीएनजी.

फिरवताना नवे पिक्सेल कसे काढायचे ते टूलच्या ऑप्शनमधलं इंटरपोलेशन ठरवतं, ते क्युबिक ठेवा. आणि स्कॅन करताना ब्लॅक अँड व्हाइट मोड अजिबात नको, त्यात फक्त काळं आणि पांढरं असे दोनच रंग असतात, ते तिरकं फिरवलं की शिरोरेषेला पायऱ्या पडतात. ग्रेस्केल तरी हवं, आणि शिक्का किंवा निळी जांभळी शाई असेल तर कलरच. आधीच काळा पांढरा स्कॅन हातात असेल तर इमेज, मोड, ग्रेस्केल करून घ्या आणि मगच फिरवा.

पांढरं शुभ्र करायचा मोह सगळ्यांना होतो. ते लेव्हल्सने, म्हणजे उजेड-काळोख कमीजास्त करायच्या सोयीने होतं, पण सरळ केल्यानंतर करा आणि हात राखून करा, कारण जुना जांभळा शिक्का कागदाच्या पिवळेपणाइतकाच फिकट झालेला असतो, कागद पांढरा झाला की त्याच्याबरोबर तो पण जातो. माझ्या मते थोडा पिवळा राहिलेला कागद परवडला.

स्टॅम्प पेपरची वेगळीच अडचण असते. घरातल्या स्कॅनरची काच ए-फोरची म्हणजे २९७ मिलिमीटर, आणि लीगल कागद ३५६. मग दोन भागात स्कॅन करावा लागतो. तेव्हा मधल्या चार पाच ओळी दोन्ही भागात येतील असं ठेवा, आणि दोन्ही भाग सरळ करताना त्या सामाईक ओळींपैकी एकच ओळ दोन्हीकडे मापा. एकाच शिरोरेषेवर दोन्ही सरळ झाले की ते एकमेकांवर बसतातच. पहिला भाग उघडलेला असताना फाइलमधून ओपन अॅज लेयर्स करून दुसरा आणा, त्याची ओपॅसिटी अर्धी करा म्हणजे तो अर्धा पारदर्शक होईल, मूव्ह टूल घेऊन बाणाच्या बटणांनी एकेक पिक्सेल सरकवत अक्षरावर अक्षर बसवा, मग ओपॅसिटी पूर्ण करा. कॅनव्हास तेवढा फिट करायला विसरू नका.

फोनवरून काढलेला फोटो असेल तर नुसतं फिरवून भागत नाही, कारण तिथे कागद एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद आलेला असतो. त्याला पर्स्पेक्टिव्ह टूल, शिफ्ट आणि पी. चार कोपरे ओढून नीट करायचे. त्यानंतर अक्षरं उंच किंवा बसकी वाटतात का ते बघा, ए-फोरचं प्रमाण १ ला १.४१४ असतं, त्यात नसेल तर स्केल इमेजमध्ये रुंदी-उंची जोडणारी साखळी तोडून दुरुस्त करा. आणि बाडाच्या शिवणीजवळ ओळी गोल वळलेल्या असतील तर कुठलंही फिरवणं कामाचं नाही, तिथे स्कॅनटेलरसारखं सॉफ्टवेअर लागतं.

पन्नास साठ पानं असतील तर हे एकेक करत बसू नका. स्कॅनटेलर आणि नॅप्स-टू दोन्ही फुकट आहेत, दोन्हीत डेस्क्यू म्हणजे आपोआप सरळ करायची सोय आहे, सगळी पानं निवडून एकदम सरळ होतात. शिरोरेषेमुळे छापील मराठी पानांवर ऑटोमॅटिक बहुतेक वेळा चांगलं चालतं, पण मोडीवर आणि आडव्या तिरक्या सह्या, अंगठे असलेल्या शेवटच्या पानावर मी कधीच भरवसा ठेवत नाही, ती पानं हातानेच. पुढे टेसरॅक्टने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, मजकूर काढायचा असेल तरी पान आधी सरळ पाहिजे, ओळी तिरक्या असल्या की त्याला ओळीच नीट सापडत नाहीत.

अर्धं वाकडेपण स्कॅनच्या आधीच वाचवता येतं. पावसात आपल्याकडे ट्रंकेतला कागद सर्दावलेला असतो, काचेवर ठेवला की वळतो आणि झाकण लावताना सरकतो. तासभर पंख्याखाली पसरून ठेवा, उन्हात नको आणि इस्त्री तर मुळीच फिरवू नका, घडीवर कागद तुटतो. मग रात्रभर दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून वर जड पुस्तक. स्कॅन करताना झाकण हळू टेकवा. पातळ कागदाची मागची शाई पुढे दिसत असेल तर मागे काळा कागद ठेवा, त्याने फाटलेली कड पण स्पष्ट येते.

त्या आजींचं खरेदीखत आठ घड्यांचं होतं, मधे भाताच्या खळीने चिकटवलेला वर्तमानपत्राचा तुकडा. कडेवर मापलं तेव्हा सव्वातीन डिग्री आलं, शिरोरेषेवर मापलं तेव्हा १.८. मी १.८ वर फिरवलं. कागदाची कड वाकडीच राहिली, ओळी मात्र पाटावर मांडल्यासारख्या आल्या, आणि आजींनी चष्मा पुसून आपल्या सासऱ्यांचं नाव स्वतः वाचलं.